दहापैकी सात टीव्हीमुळे

खोटं बोलायला तोंड लागतं, असं मी समजत होते. प्रत्यक्षात अकरा वर्षं मी ते एका बोटाने बोलत होते, आणि त्याचा पगारही घेत होते.

मी गाड्यांच्या शोरूममध्ये दारालगतच्या काउंटरवर बसते. आत चार चकचकीत गाड्या, दोन सोफे, आणि एक कॉफीचं यंत्र, जे बरेच दिवस फक्त गरम पाणी देतं. गिऱ्हाईक आत आलं की मी हसायचं, बसा म्हणायचं आणि कॉम्प्युटरवर त्याचा फॉर्म भरायचा. नाव, फोन, कोणती गाडी बघायची आहे, आणि शेवटी एक प्रश्न : ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ त्याखाली चार चौकोन. टीव्ही, वर्तमानपत्र, इंटरनेट, इतर.

पहिल्या तिघांपैकी एकावर टिचकी मारली की फॉर्म पुढे जातो. ‘इतर’वर मारली की तीन रिकाम्या ओळी उघडतात, आणि त्या तिन्ही भरल्याशिवाय कॉम्प्युटर ढिम्म हलत नाही. ज्याने हा फॉर्म केला त्याने कडेवर रडकं पोर घेतलेलं गिऱ्हाईक कधी काउंटरवर उभं पाहिलेलं नसणार.

आता लोक काय सांगतात ते ऐका. “माझ्या साडूने घेतली ना मागच्या महिन्यात.” “आमच्या खालच्यांच्या दारात उभी होती.” “रोज इथून जातो, आज म्हटलं आत येऊ.” ह्यात मी तीन ओळी काय लिहिणार? साडूच्या स्वभावाबद्दल? मागे रांग लागलेली असायची. मग मी टीव्हीवर टिचकी मारायचे. टीव्ही सगळ्यांत वर होता, आणि माझं बोट आपसूक तिथेच जायचं. मनाला अगदीच टोचलं तर मी त्याला सांगायचे, टीव्ही कुणाच्या घरी नसतो?

खरं तर साडूचं आणि खालच्यांचं नाव सांगणाऱ्या ह्या लोकांना आमच्याकडे कोण आणायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मामा आणायचे.

मामा म्हणजे गिऱ्हाइकाला गाडीची चक्कर मारून आणणारे आमचे ड्रायव्हर. माझे सख्खे नव्हेत, सगळ्या शोरूमचेच मामा. इतर ठिकाणी चक्कर म्हणजे समोरच्या रुंद रस्त्याने चौकापर्यंत जायचं आणि परत. मामा गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “घर कुठे तुमचं?” आणि गाडी थेट त्याच्या घरी नेतात. त्याच्याच गल्लीत वळवायला लावतात, त्याच्याच दारात उभी करायला लावतात. त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावर कुठलीही गाडी आवडते, ती आपल्या दारात मावते का ते बघावं.

मग किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मामा खाली उतरतात आणि दहा मिनिटं लांब जाऊन उभे राहतात, जणू त्यांचा ह्या गाडीशी काही संबंधच नाही. तेवढ्यात गिऱ्हाइकाची आई बाहेर येते, मुलं मागच्या सीटवर उड्या मारतात, वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारतं, “काय, घेतली वाटतं?” नुसता बघायला म्हणून आलेला तो भला माणूस बोलून जातो, “विचार चाललाय.” एकदा शेजाऱ्यांसमोर असं म्हटलं की माणूस अडकला. आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या गॅलरीतले माझ्या काउंटरवर येतात. त्यांच्या फॉर्मवरही मी टीव्हीवर टिचकी मारते.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण मुख्य कार्यालयातून पत्र आलं. आमच्या मॅनेजरने ते सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. ह्या मॅनेजरला मी मनातल्या मनात होयबा म्हणते. वरून काहीही आलं तरी त्याच्या तोंडून आधी होय निघतं, मग तो ऐकतो. पत्रात लिहिलं होतं की आपल्या शोरूमच्या नोंदींनुसार दहापैकी सात ग्राहक टीव्हीमुळे येतात. सबब, गाडीची चक्कर मारून आणण्याचं पद पुढच्या महिन्यापासून बंद करण्याचा विचार आहे. ग्राहकाला गाडी मोठ्या पडद्यावर दाखवण्यात येईल. मोठ्या मॅचच्या फायनलमध्ये कंपनीची नवी जाहिरात लागणार आहे. तिच्यामुळे किती लोक येतात ते पाहायला दुसऱ्या दिवशी एक साहेब येतील आणि मग पक्कं ठरेल.

मामा तेव्हा एका गाडीचा आरसा पुसत होते. ते एवढंच म्हणाले, “पडद्यावरच्या गाडीत बसायचं कसं?” आणि पुन्हा आरसा पुसायला लागले.

त्या नोंदी म्हणजे मी होते. मामांना निवृत्त व्हायला दोन वर्षं बाकी होती, आणि ह्या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार? त्यांनी मामींना काही सांगितलं नव्हतं. मामी रोज डबा देत होत्या, आणि मामा तो रोज एकच्या ठोक्याला मागच्या खोलीत उघडत होते. मी रोज ठरवत होते, आज होयबाला खरं सांगून टाकू. आणि रोज काहीतरी काम निघत होतं. खरं म्हणजे मी घाबरले होते. खोट्या नोंदी केल्या म्हणून मामांच्या आधी मलाच घरी पाठवतील, ही भीती होती.

फायनलच्या संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. घरातल्या बाकीच्यांचं लक्ष मॅचकडे, माझं जाहिरातींकडे. मध्यंतर झालं आणि आमची जाहिरात लागली. बर्फाचा डोंगर, वळणावर एकटा बसलेला कुत्रा. संध्याकाळ होते, बर्फ पडतो, कुत्रा वाट बघतो. मग लांबून दिवे येतात, गाडी थांबते, दार उघडतं, कुत्रा आत उडी मारतो. बारीक अक्षरात एक ओळ येते आणि संपतं.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. “किती वाट बघितली गं बिचाऱ्याने,” त्या म्हणाल्या.

नवरा सोफ्यावर सरसावून बसला. “ह्याला म्हणतात जाहिरात!”

“कुठल्या गाडीची होती?” मी विचारलं.

त्याने क्षणाचाही विचार न करता आमच्या समोरच्या शोरूमचं नाव घेतलं. समोरचं म्हणजे आमच्या वैऱ्यांचं. वर म्हणाला, “पैज लाव.” त्याच्या डोक्यामागे खुंटीला माझं कामावरचं जाकीट लटकत होतं, आणि त्यावर माझ्या कंपनीचं चिन्ह तळहाताएवढं मोठं आहे. अकरा वर्षं ते जाकीट तोच धुवायला टाकतो. मी पैज लावली नाही. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच साहेब हजर. तिशीतला, सडपातळ, हातात टॅबलेट, बोलणं मऊ. मला वाटलं होतं कुणीतरी खडूस येईल आणि मला त्याचा मनसोक्त राग करता येईल, पण हा तर यंत्रातलं नुसतं गरम पाणी पिऊन “छान आहे” म्हणाला. काउंटरमागे माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला. थोड्या वेळाने, अगदी सहज सांगितल्यासारखं, त्याने सांगितलं की कालच्या जाहिरातीची कल्पना त्याचीच. आणि माझ्याकडे बघत राहिला.

“कुत्रा फार छान आहे,” मी म्हटलं.

“आणि गाडी?”

“गाडीही होती की.”

तेवढ्यात दार उघडलं, आणि मग ते मिटेचना. एरवी सुटीनंतरच्या दिवशी दुपारपर्यंत आठ-नऊ माणसं येतात. त्या दिवशी एक वाजेपर्यंत एकेचाळीस आली. साहेबाचा चेहरा प्रत्येक माणसागणिक खुलत गेला. होयबा त्याच्या मागे उभा राहून “होय साहेब, अगदी होय,” करत होता. दारातून कुणी आत आलं की मला मात्र वाटायचं, गेले मामा.

पण ही माणसं कशाला आली होती तेही बघायला हवं. पहिली दोन मुलं धावत आली आणि त्यांनी चारही गाड्यांच्या खाली वाकून कुत्रा शोधला. मागून आलेल्या त्यांच्या आईने मला विचारलं, “आज येणार आहे का तो?” एक तरुण जोडपं गाडीला टेकून फोटो काढून घेऊन, बाथरूम कुठे आहे ते विचारून निघून गेलं. एका काकूंना कुत्र्याची जात हवी होती. एक गृहस्थ तक्रार लिहून घेऊन आले होते. मुक्या जनावराला इतका वेळ बर्फात बसवणं त्यांना पटलेलं नव्हतं. साहेबाने त्यांना समजावलं की बर्फ खोटा होता. त्यावर ते जास्तच चिडले.

“बघा,” साहेब मला म्हणाला, “लोकांना रस वाटतोय. रस वाटल्याशिवाय कुणी आत येईल का?”

“गाडीत कुणी बसलं का पण?”

“ते आजोबा बसलेत की.”

बसले होते खरे. पाय दुखतात म्हणून बसले होते आणि स्टिअरिंगवर हात ठेवून झोपी गेले होते. मामांनी अलगद काच थोडी खाली केली, त्यांना वारा लागावा म्हणून. त्या सकाळी मामांना तेवढंच काम होतं. एकेचाळीस माणसांतल्या एकानेही चक्कर मागितली नव्हती. एक वाजला तरी मामा डबा उघडायला गेले नाहीत. हातात किल्ली घेऊन ते माझ्या काउंटरपाशीच उभे होते.

मग एक बाई आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, तसं त्यांनी सांगितलं, नसतं सांगितलं तरी मी पाठ सरळ करूनच बसले असते. त्या कुठेही न बघता सरळ लाल गाडीपाशी गेल्या. मी फॉर्म उघडला, पण शेवटचा प्रश्न साहेबाने स्वतःच विचारला. “आमच्याबद्दल कुठून कळलं आपल्याला?”

“कळायचंय काय त्यात? गेल्या आठवड्यात हीच गाडी आमच्या समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दारात उभी होती. हे गृहस्थ होते बरोबर.” त्यांनी मामांकडे बोट दाखवलं. “आमची गल्ली चिंचोळी. डॉक्टरांनी तिसऱ्या झटक्यात वळवली, मी खिडकीतून बघत होते. त्यांना तिसऱ्यात जमते तर मला दुसऱ्यात जमेल.”

“कालची जाहिरात नाही का पाहिली?” साहेबाने विचारलं.

“कुत्र्याची ना? पाहिली. कुणाची होती ती?”

साहेबाने लाल गाडीकडे पाहिलं. बाईंचा हात तिच्या टपावरच होता. त्याचा चेहरा एवढासा झाला, आणि मला त्याची खरोखर दया आली. पण त्याने लगेच स्वतःला सावरलं. बाई सोफ्यावर माहितीपत्रक वाचायला बसल्या तसा तो हळूच म्हणाला, “एखाद-दुसरं असं उदाहरण असणारच. पण आकडे बघायचे असतात. दहापैकी सात टीव्हीमुळे. अकरा वर्षांच्या नोंदी खोट्या थोड्याच आहेत?”

मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते हातातल्या किल्लीकडे बघत होते.

“खोट्या आहेत,” मी म्हटलं.

“होय साहेब,” होयबा सवयीने बोलून गेला, आणि मग ओरडला, “काय?”

मग मी सगळं सांगितलं. तीन ओळी, मागची रांग, साडू, गॅलरीतले लोक, आणि सगळ्यांत वरचा चौकोन. “मी कधी नीट विचारलंच नाही, साहेब. विचारलं तरी ऐकलं नाही. जे उत्तर लवकर पुढे जातं ते लावलं.”

साहेब म्हणाला, “कालची जाहिरात कशी मंजूर झाली माहितीये? सगळ्या शोरूममध्ये तुमचा आकडा सगळ्यांत वर होता. मी तो पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवला होता.”

म्हणजे तो कुत्रा बर्फात बसला तो माझ्या टिचकीमुळे, आणि सासूबाई रडल्या त्याही माझ्यामुळेच. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पण मी मामांकडे वळले. “मामा, तुमचं काम माझ्यामुळे जायला निघालंय. पत्र आलं त्याच दिवशी मला बोलायला हवं होतं. चुकले मी.”

“मला ठाऊक होतं गं,” मामा म्हणाले.

“काय ठाऊक होतं?”

“टीव्हीवर मारतेस ते. अकरा वर्षं शेजारी उभा आहे मी तुझ्या. दिसतं की.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“तू तीन ओळी लिहीत बसली असतीस तर माझं गिऱ्हाईक कंटाळून गेलं असतं. आणि पत्रानंतर बोलायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. ते कसं घेऊ?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसत बसले, त्यामुळे पुढचं मी नीट पाहिलं नाही, फक्त ऐकलं. मामांनी साहेबाला नेहमीच्या आवाजात विचारलं, “घर कुठे तुमचं?”

“माझं? लांब आहे. इथे फक्त बहीण असते.”

“मग बहिणीच्या दारात नेऊ. चला.”

साहेब नको म्हणाला असता, पण मुख्याध्यापिका सोफ्यावरून करड्या आवाजात म्हणाल्या, “जाऊन या. मी थांबते.” त्या आवाजापुढे कुणाचं काय चालणार? दोघं लाल गाडी घेऊन गेले.

तास होऊन गेला. झोपलेले आजोबा उठून घरी गेले. होयबा माझ्याशी बोलत नव्हता. मी नसल्यासारखा काउंटरसमोरून फेऱ्या मारत होता. मी खणातल्या माझ्या वस्तू एका पिशवीत भरून ठेवल्या. कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, पायात घालायच्या सपाता. अकरा वर्षांत एवढंच जमलं होतं.

मग काचेतून लाल गाडी दिसली. मामा चालवत होते. त्यांच्या शेजारी एक बाई ऐटीत बसल्या होत्या. मागच्या सीटवर आणखी दोन बाया, आणि दोघींच्या मधोमध चेपून बसलेला साहेब, टॅबलेट छातीशी धरलेला. पुढच्या बाई उतरल्या. चेहऱ्यावरून बहीण लगेच ओळखू आली. मागच्या दोघी तिच्या शेजारणी होत्या.

“ही गाडी होय त्या जाहिरातीतली!” बहीण त्याच्यावर डाफरतच आत आली. “मग आधी सांगायचं नाही? मला वाटलं, कुत्र्याच्या खाण्याची जाहिरात आहे.”

“काल फोनवर तर म्हणालीस की रडू आलं,” साहेब म्हणाला.

“आलंच की. कुत्र्यामुळे आलं. गाडीमुळे कशाला रडेन?” ती माझ्याकडे वळली. “आमच्या जिन्याखाली बरोब्बर मावते हो ही. खांब आणि गाडी ह्यात हात जातो. ह्यांनी हात घालून दाखवला.” ह्यांनी म्हणजे मामांनी. “घरी विचारते, पण माझं नाव लिहून ठेवा.”

“आमचंही,” मागच्या दोघींपैकी एक म्हणाली. “आमचा कोपरा जरा अवघड आहे, तिथे बघायची आहे लावून.”

मी बहिणीचा फॉर्म उघडला. नाव, फोन, गाडी. शेवटच्या प्रश्नाशी आले आणि माझं बोट, देवाशपथ, सवयीने वरच्या चौकोनाकडे निघालं. साहेबाने माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. ‘इतर’वर टिचकी मारली. तीन ओळी उघडल्या.

“आजच्या एकेचाळीस लोकांचे फॉर्म पुन्हा भरा,” तो टंकता टंकता मला म्हणाला. “जे सांगितलं तेच लिहा. कुत्रा तर कुत्रा, बाथरूम तर बाथरूम.”

“आणि मी? मला काढणार?”

“तुम्हाला काढलं तर ते कोण भरणार?”

पहिल्या ओळीत त्याने लिहिलं : बहिणीच्या दारात उभी केली. दुसरीत : शेजारणी आपणहून आत बसून आल्या. तिसरीपाशी तो थांबला. कॉम्प्युटर वाट बघत होता, त्याला तिसरी ओळ हवीच होती. साहेबाने एकदा काचेकडे पाहिलं. बाहेर मामा बंद गाडीचा आरसा पुसत होते, जो सकाळपासून स्वच्छच होता. मग त्याने लिहिलं : हे पद बंद करू नये. तसा अहवाल मी आजच पाठवत आहे.

फॉर्म पुढे गेला.

मी मामांना हाक मारून आत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला आणि तिन्ही ओळी हळूहळू वाचल्या. शेवटची दोनदा वाचली. मुख्याध्यापिका पर्स घेऊन उठल्या होत्या, त्यांना आपली चक्कर हवी होती.

“बाई, दहा मिनिटं द्याल?” मामा त्यांना म्हणाले. “तीन वाजले. बायकोने डबा दिलाय, अजून उघडला नाही.”